गळ्यात माळ असून कसं पटलं?

सप्ताहात, लग्नाच्या पंगतीत, केळीची गाडी भरताना माणसं मला बाजूला घेऊन विचारतात, "भाऊ, तुम्ही माळकरी. धाकट्या भावाचा जीव पुरुषावर जडतो हे कळल्यावरही त्याला घरात घेतलं. कसं पटलं?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

लवकर पटलं नाही. वडील गेल्यावर त्याला मीच वाढवलं. अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, मुलगी बघायला जायचं ठरलं, तेव्हा केळीच्या पिलबागेत ठिबकच्या नळ्या जोडता जोडता तो म्हणाला, "दादा, मला बाईमाणसाबद्दल तसं काही वाटतच नाही. माझ्यापायी कुणा पोरीचं वाटोळं करू नको." मी नको ते बोललो. गेलेल्या बापाचं नावसुद्धा काढलं. मग जळगावला डॉक्टरकडे नेलं, इलाज करा म्हटलं. ते म्हणाले, हा आजारच नाही, इलाज कशाचा करू? सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्येच याला ३७७ कलमाच्या गुन्ह्यातून काढलंय, हेही त्यांनीच सांगितलं. पण कोर्टाच्या निकालानं मन वळत नाही. तो पुण्याला निघून गेला. दोन वर्षं मी घरात त्याचं नाव काढू दिलं नाही. माय मात्र येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर भाकरीसाठी कळण्याचं पीठ पाठवत राहिली.

त्या वर्षी मुक्ताईच्या पालखीबरोबर निघालो. मुक्ताईनगर ते पंढरपूर, महिनाभराहून जास्त चाल. वारीची रीत तुम्हाला ठाऊक आहे. भेटेल त्याला माउली म्हणायचं, एकमेकांच्या पाया पडायचं, लहानमोठा बघायचा नाही. बीड जिल्ह्यात एका मुक्कामाला धाकट्याच्याच वयाचा एक पोरगा फोड आलेले माझे पाय गरम पाण्यानं धूत होता. बोटांच्या बेचक्यांतला चिखल अंगठ्यानं हलकेच काढत होता. धुऊन झाल्यावर मी रीतीप्रमाणे त्याच्या पायावर डोकं ठेवलं, आणि मला उठताच येईना. हा कोण, याचा जीव कुणावर, मी विचारलं नव्हतं. वाटेत शेकडो जणांच्या पाया पडलो, कुणालाच विचारलं नव्हतं. जाब मागितला तो फक्त पाठच्या भावाला.

रात्री त्याला फोन केला. वारी संपवून घरी आलो तेव्हा तो ओट्यावर उभा होता. तो वाकला, तसा मीही वाकलो. "दादा, काय करतोस हे!" म्हणून मागे सरला. मी पाय सोडले नाहीत.

शास्त्रात याला कुठं जागा आहे, ते मला अजून सांगता येत नाही. ज्यांच्या कीर्तनात मी टाळ धरायचो, त्यांतले काही आता बोलत नाहीत. ते लागतं मनाला. पण २०२३ मध्ये कोर्टानं अशा लग्नाला मान्यता दिली नाही, म्हणजे कागदावर धाकटा आणि त्याचा सोबती एकमेकांचे कुणीच नाहीत. घरानंही तेच म्हटलं तर त्यांनी जावं कुठं?

गेल्या अखाजीला दोघं आले. मायनं खापरावर मांडे केले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "पाहुणा कोण?"

"धाकट्याचा जोडीदार," मी म्हणालो. आवाज कापत होता, पण म्हणालो.