पहिले चाळीस टर्न: सिव्हिलायझेशन ६ मध्ये आधी काय बांधायचं, हे मी कसं ठरवतो

स्काउट (टेहळ्या), स्लिंगर (गोफणवाला), सेटलर (नवं शहर वसवणारा). सिव्ह म्हणजे टर्न-टर्नने साम्राज्य उभारण्याचा कॉम्प्युटर गेम. तो खेळणाऱ्या कुणालाही विचारा, हा क्रम तोंडपाठ असतो. चुकीचा नाही, पण तो एका विशिष्ट जमिनीसाठीचा क्रम आहे, आणि ती जमीन आपल्याला मिळेलच असं नाही. मी पहिल्या टर्नला फक्त पहिली वस्तू ठरवतो. दुसरी आठव्या टर्नला ठरवतो, तोपर्यंत आजूबाजूचं बरंच दिसलेलं असतं. खालचे सगळे आकडे गॅदरिंग स्टॉर्म या विस्तार-भागाचे आणि स्टँडर्ड स्पीडचे आहेत.

क्रमाच्याही आधी जागा. पाणी पहिलं बघतो: नदीकाठच्या शहराला ५ हाउसिंग (किती लोक मावतात तो आकडा) मिळतं, नुसत्या समुद्रकिनाऱ्यावर ३, आणि दोन्ही नसेल तर २. लोकसंख्या हाउसिंगच्या एक अलीकडे आली की वाढ निम्मी होते. म्हणजे कोरड्या जागी शहर जन्मापासूनच अडखळतं, आणि मग ग्रॅनरी (धान्याचं कोठार) ६५ प्रॉडक्शन (बांधकामाची ताकद) घालून आधी बांधावी लागते. पाण्यानंतर टेकडी. सिटी सेंटरला किमान २ फूड १ प्रॉडक्शन मिळतं, प्लेन्सच्या (माळरानाच्या) टेकडीवर मात्र २ आणि २. माळव्यात वाढलेल्या माणसाचा डोळा आपोआप सपाट काळ्या जमिनीकडे आणि गव्हाकडे जातो. आम्ही इंदूरला जे रविवारी एका लॅपटॉपवर आळीपाळीने, म्हणजे हॉटसीट खेळतो, त्यात नवीन आलेला प्रत्येक जण पहिलं शहर गव्हाच्या मधोमध सपाटीवरच टाकतो. गहू शेजारी असलेला चांगला, पण शहर टेकडीवर हवं. सुरुवातीच्या ४ प्रॉडक्शनमधला तो एक जादाचा म्हणजे चौथा हिस्सा आहे. त्यासाठी एक टर्न चालायला मी तयार असतो. दोन क्वचित, तीन कधीच नाही.

आता हिशेब. समजा शहर प्लेन्स टेकडीवर आहे. पहिला नागरिक सपाट गवताच्या टाइलवर (नकाशावरचं एक घर) काम करतो, म्हणजे २ फूड, आणि पुढचे प्लेन्स टेकडीवरच्या मेंढ्यांच्या टाइलवर, म्हणजे प्रत्येकी २ फूड २ प्रॉडक्शन. एक नागरिक २ फूड खातो. सिटी सेंटरचं २ आणि पॅलेसचं (राजधानीतला राजवाडा) २ मिळून हातात ४ प्रॉडक्शन, आणि २ शिल्लक फूड. लोकसंख्या १ वरून २ व्हायला १५ फूड लागतं, म्हणजे ८ टर्न. स्काउट ३० प्रॉडक्शनचा, तोही ८ टर्न. पहिला स्काउट मला पटतो तो यासाठी: सेटलर लोकसंख्या २ झाल्याशिवाय यादीत निवडताच येत नाही, आणि स्काउट बरोबर तेवढी जागा भरतो. उरलेलं २ प्रॉडक्शन पुढच्या वस्तूत जमा होतं, वाया जात नाही.

आठव्या टर्ननंतर प्रॉडक्शन ६, आणि २ वरून ३ व्हायला २४ फूड, म्हणजे विसाव्या टर्नच्या आसपास तिसरा नागरिक. इथून तीन वाटा फुटतात. लगेच सेटलर लावला तर ८० प्रॉडक्शन पूर्ण होतं २१ व्या टर्नला. मधे ३५ चा स्लिंगर घातला तर स्लिंगर १४ ला आणि सेटलर २६ ला. मधे ५० चा बिल्डर (टाइलवर शेत, खाण वगैरे उभारणारा कामगार) घातला तर बिल्डर १६ ला येतो, आणि त्याने वापरातल्या दोन टाइलवर प्रत्येकी १ प्रॉडक्शन वाढवलं तर सेटलर पुन्हा २६ लाच. सुविधांमुळे वाढ थोडी पुढेमागे होते, पण अंतर हेच राहतं.

हे पाच टर्न समजून घेण्यासारखे आहेत. प्रश्न ‘बिल्डर आधी की सेटलर आधी’ असा नाहीच. पाच टर्न उशिरा येणाऱ्या दुसऱ्या शहराच्या बदल्यात मला काय मिळतंय, असा आहे. स्लिंगर घेतला तर संरक्षण मिळतं, आणि स्लिंगरने एखादं युनिट मारलं तर आर्चरीचं युरेका, म्हणजे त्या तंत्राच्या संशोधनात सूट. बिल्डर घेतला तर दोन प्रॉडक्शन कायमचं, आणि तीन टाइल सुधारल्या की क्राफ्ट्समनशिपचं इन्स्पिरेशन, म्हणजे तशीच कल्चरमधली सूट. बिल्डरला तीनच चार्ज (वापर) असतात, ते तिन्ही त्यात जातात. काहीच नको असेल तर थेट सेटलर.

बिल्डर मी फक्त तेव्हाच आधी घेतो, जेव्हा त्याला आल्या आल्या काम असतं. सुरुवातीला आपल्याकडे एकही तंत्र नसतं, म्हणजे शेत सोडून काही करता येत नाही. मायनिंग, पॉटरी, ॲनिमल हजबंड्री प्रत्येकी २५ सायन्सची, आणि सुरुवातीचं सायन्स दर टर्नला साधारण अडीच. म्हणजे दहाव्या टर्नला एकच तंत्र हातात असतं. ते कोणतं, हे बिल्डर लावण्याआधी जुळवावं लागतं. दगडाची खाण हवी, हरणांसाठी छावणी हवी, आणि संशोधन भलतंच चाललंय, असा बिल्डर चार्ज सांभाळत उभा राहतो. दुसरी चूक त्याहून जास्त दिसते: टाइल सुधारली, पण तिथे नागरिकच काम करत नाही. शहर आपोआप नागरिक नेमतं आणि बऱ्याचदा फूडकडे झुकतं. शहर उघडून नागरिक हवा त्या टाइलवर स्वतः लॉक करायचा. हे मी नागरिक वाढला की दर वेळी करतो, विशेषतः सेटलर चालू असताना.

सेटलर पूर्ण झाला की एक नागरिक कमी होतो. वाढ एक-दोन टर्नवर असेल तर मी सेटलर थांबवून दुसरं काही लावतो आणि वाढ झाली की परत सेटलर. टाकलेलं प्रॉडक्शन त्या त्या वस्तूत राहतं, बदल केल्याने जात नाही. ५ वा भाग खेळून आलेल्यांचा इथे गोंधळ होतो. त्यात सेटलर चालू असताना शहराची वाढ थांबायची. ६ मध्ये चालू राहते, म्हणून फूड टाइल पूर्ण सोडायचं कारण नाही.

मग स्लिंगर कधी? दोन खुणा बघतो. एक, दहा-बारा टर्नच्या आत दुसऱ्या संस्कृतीची सीमा आठ-दहा टाइलवर दिसली. दोन, बर्बरांचा (कुठल्याच संस्कृतीचे नसलेले लुटारू) स्काउट. बर्बर स्काउट आपलं शहर पाहतो, त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह येतं, आणि तो छावणीकडे परत निघतो. पोचला की तिथून हल्ला सुटतो, आणि छावणी घोड्यांजवळ असेल तर घोडेस्वार येतात. त्याला वाटेतच मारला तर सगळं टळतं. म्हणून पहिला वॉरियर मी लांब पाठवत नाही, शहराभोवती तीन-चार टाइलच्या फेऱ्यात ठेवतो आणि लांबचं बघायचं काम स्काउटवर सोडतो. वॉरियर एकटा स्काउटला गाठू शकत नाही, स्काउट वेगवान असतो. पण वॉरियरने वाट अडवली आणि स्लिंगरने एका टाइलवरून मारलं तर काम होतं, वर आर्चरीचं युरेकाही मिळतं. डेइटी या सगळ्यात अवघड पातळीवर एआय (कॉम्प्युटर चालवतो तो खेळाडू) ३ सेटलर आणि ५ वॉरियर घेऊन सुरू होतो. शेजारी जवळ असेल तर तिथे एक नाही, दोन स्लिंगर, आणि सेटलर उशिरा आला तरी चालेल. आर्चर दोन टाइलवरून २५ ताकदीने मारतो. तीन आर्चर आणि टेकडीवरचं शहर असेल तर पहिली लाट अडते.

सेटलर एकटा पाठवू नये. बर्बर त्याला मारत नाहीत, पकडून नेतात, आणि ८० प्रॉडक्शन एका क्षणात जातं. वॉरियरबरोबर फॉर्मेशन करून चालवायचा. जागा शोधताना दोन शहरांमध्ये किमान तीन टाइल सुटाव्या लागतात. मी तितक्याच जवळ बसवतो, कारण नऊ टाइलच्या आतल्या नागरिकांचा लॉयल्टीवर (शहराच्या निष्ठेवर) दाब पडतो. शेजाऱ्याच्या तोंडाशी नेऊन टाकलेलं एकटं शहर बंड करून उठतं.

मॉन्युमेंटबद्दल माझं मत बदलत गेलंय. ६० प्रॉडक्शन, आणि लॉयल्टी पूर्ण असेल तर २ कल्चर. सुरुवातीचं कल्चर म्हणजे पॅलेसचं १ आणि दर नागरिकामागे ०.३. अशा वेळी २ म्हणजे दुप्पटीहून जास्त. सेटलर बांधताना ५० टक्के जादा प्रॉडक्शन देणारं कॉलनायझेशन हे धोरणाचं कार्ड अर्ली एम्पायरबरोबर मिळतं, आणि तिथवर पोचायला कोड ऑफ लॉज २०, फॉरेन ट्रेड ४० आणि अर्ली एम्पायर ७० कल्चर लागतं. मॉन्युमेंट नसेल तर इन्स्पिरेशन मिळूनही पन्नासाव्या टर्नच्या पुढे जातो. म्हणून पहिला सेटलर त्या कार्डासाठी कधीही रोखायचा नाही. पण पहिला सेटलर निघाला की राजधानीत मॉन्युमेंट, आणि तिसरा-चौथा सेटलर कार्ड मिळाल्यावर, हा माझा नेहमीचा क्रम. अर्ली एम्पायरचं इन्स्पिरेशन एकूण ६ लोकसंख्येला मिळतं, तिथे दुसरं शहर लवकर असण्याचा फायदा परत दिसतो. कोड ऑफ लॉज मिळालं की अर्बन प्लॅनिंग घेतो, दर शहरात १ प्रॉडक्शन. बर्बर जास्त असतील तर दुसऱ्या खाचेत डिसिप्लिन, त्यांच्याविरुद्ध ५ ताकद जादा.

गोल्ड साठवून ठेवण्यात काही नाही. विकत घ्यायला प्रॉडक्शनच्या साधारण चौपट लागतं: बिल्डर २००, सेटलर ३२०. पॅलेस दर टर्नला ५ देतो, बर्बर छावणी मोडली की ५०. एखादं लक्झरी रिसोर्स सुधारलं की ते एआयला विकून बिल्डर घेता येतो. त्यामुळे लक्झरी जवळ असेल तर पहिला बिल्डर बांधायचा आणि दुसरा विकत घ्यायचा, हे मला सगळ्यात स्वस्त पडतं. प्रत्येक बिल्डर आधीच्यापेक्षा महाग होतो, सेटलरही.

नेता कोण आहे यावर वरचं बरंच बदलतं. ट्रेजनच्या रोमला नव्या शहरात मॉन्युमेंट फुकट येतं, मग तो विषयच संपला. छिन शी हुआंगच्या चीनच्या बिल्डरला एक चार्ज जादा, तिथे बिल्डर आधी. गिल्गमेशची वॉर कार्ट पहिल्या टर्नपासून तंत्राशिवाय बांधता येते, आणि शेजारी जवळ असेल तर तिथे सेटलरऐवजी दोन वॉर कार्ट हाच विस्तार.

हॉटसीटसाठी एक गोष्ट वेगळी. आम्ही ऑनलाइन स्पीडवर खेळतो, नाहीतर एका सुट्टीत डाव हलत नाही. त्यावर खर्च निम्मा होतो, सेटलर ४० चा, स्काउट १५ चा. पण चाल तेवढीच राहते. सेटलर सहा टाइल चालवणं स्टँडर्डवर परवडतं, ऑनलाइनवर त्या वेळात जवळजवळ दुसरा सेटलर तयार होतो. म्हणून तिथे दुसरं शहर नेहमी जवळ, आणि दुसरा स्काउट बिलकुल नाही.

सरावासाठी मी प्रगत सेटिंगमधला मॅप सीड (त्या नकाशाचा क्रमांक) लिहून ठेवतो, पहिल्या टर्नला सेव्ह करतो, आणि तोच नकाशा तीन वेगळ्या क्रमांनी चाळिसाव्या टर्नपर्यंत खेळतो. शेवटी चार आकडे वहीत: शहरं किती, एकूण लोकसंख्या, एकूण प्रॉडक्शन, आणि किती तंत्रं झाली. शहराच्या संख्येपेक्षा प्रॉडक्शनचा आकडा मी आधी बघतो, कारण पंचेचाळिसाव्या टर्नला कॅम्पस (सायन्स देणारा शहराचा भाग, म्हणजे डिस्ट्रिक्ट) लावायचा झाला की तोच उपयोगी पडतो. डिस्ट्रिक्टची किंमत तंत्रं वाढतील तशी वाढते, पण टाइलवर एकदा ठेवला की किंमत तिथेच गोठते. त्यामुळे पूर्ण बांधायचा नसला तरी रायटिंग झाल्या टर्नला कॅम्पस ठेवून मोकळा होतो, आणि मग परत सेटलरकडे वळतो.