इरेज की क्लिअर? स्क्रीन पुसणाऱ्या फंक्शनांची मराठी माहिती लिहिताना

नागपूरच्या धरमपेठेत आम्ही काही जण रविवारी कॉलेजच्या पोरांना टर्मिनलवरचं, म्हणजे फक्त अक्षरं दाखवणाऱ्या पडद्यावरचं, सी प्रोग्रामिंग शिकवतो. त्यांच्यासाठी एनकर्सेस (ncurses) या टर्मिनलचा पडदा हाताळणाऱ्या लायब्ररीतल्या स्क्रीन पुसणाऱ्या फंक्शनांची माहिती मराठीत लिहायचं काम मी अंगावर घेतलं. मुख्य फंक्शनं चारच: इरेज, क्लिअर, क्लर-टू-बॉट, क्लर-टू-ईओएल.

शेवटची दोन पटकन झाली. क्लर-टू-ईओएल कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत पुसतं, क्लर-टू-बॉट तेवढं पुसून खालच्या सगळ्या ओळीही पुसतं. कर्सर ज्या अक्षरावर आहे तेही जातं, हे मात्र ठळक लिहिलं.

खरा वेळ गेला इरेज आणि क्लिअरवर. दोन्ही विंडो (लायब्ररीच्या नोंदीतला पडद्याचा भाग) रिकामी करतात, रिफ्रेशनंतर, म्हणजे केलेले बदल पडद्यावर पाठवल्यावर, पडदाही सारखाच दिसतो. एकानं विचारलंच, "दादा, मंग दोन कायले ठेवले?" मॅन पेज, म्हणजे लायब्ररीचं माहितीपान, सांगतं की क्लिअर सोबत क्लिअरओके ही सूचनाही लावतं, त्यामुळे पुढच्या रिफ्रेशला आख्खी स्क्रीन पुसून नव्यानं रंगवली जाते. एवढ्यानं पोरांना काही दिसत नाही. म्हणून प्रयोग रचला. प्रोग्राम चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवरून त्याच टीटीवायवर (प्रोग्रामच्या टर्मिनलच्या डिव्हाइस फाइलवर) इको या मजकूर छापणाऱ्या कमांडनं चार शब्द टाकायचे. मग इरेज करायचं, आधीचाच मजकूर पुन्हा लिहायचा आणि रिफ्रेश. ते चार शब्द जागचे हलत नाहीत! पडद्यावर काय आहे ते लायब्ररी वाचत नाही. आपल्या जुन्या नोंदीशी ताडून फक्त फरक पाठवते, आणि तिच्या लेखी काहीच बदललेलं नसतं. इरेजच्या जागी क्लिअर घातलं की पडदा स्वच्छ.

फक्त फरक पाठवायची ही रीत मला फार आवडते. 1980 च्या सुमारास केन अर्नोल्ड या प्रोग्रामरनं अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात एनकर्सेसचं मूळ असलेलं कर्सेस लिहिलं, तेव्हा टर्मिनलच्या लाइनी संथ होत्या, एकेक अक्षर वाचवणं गरजेचं होतं. आजही संथ एसएसएचवर (दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या टर्मिनलवर) दर वेळी क्लिअर केलं तर पडदा लुकलुकतो. म्हणून पानावर सरळ सल्ला दिला: नेहमीसाठी इरेज, पडदा बिघडला तरच क्लिअर.

रंगांचा मुद्दा शेवटी जोडला. पुसलेली जागा विंडोच्या बॅकग्राउंडनं भरते, अ‍ॅटरऑन या अक्षरांना रंग देणाऱ्या फंक्शननं लावलेल्या रंगानं नाही. बीकेजीडी या बॅकग्राउंड ठरवणाऱ्या फंक्शननं निळं बॅकग्राउंड देऊन इरेज करणारा छोटा प्रोग्राम त्याच परिच्छेदाखाली दिला आहे.