म्हाताऱ्या घोड्याची चंदी

मावशीला फोनवर सांगितलं की मी दर महिन्याला शर्यतीतून निवृत्त झालेल्या एका घोड्याच्या देखभालीचे पैसे भरते. ती म्हणाली, "अगं, तो ना बसायचा ना कामाचा. त्यापेक्षा गावच्या शाळेला दे की!" शाळेला देतेच, मावशी. पण घोड्याचंही आपण देणं लागतो असं मला मनापासून वाटतं, आणि का ते फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

थरोब्रेड म्हणजे खास शर्यतीसाठी पैदास केलेली घोड्याची जात. हा घोडा दोन वर्षांचा झाला की शर्यतीत उतरतो. पाच-सहा वर्षांचा होईतो बहुतेकांचं धावणं संपतं. कुणाच्या पायाचं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा पट्टा, जातं, कुणाच्या गुडघ्याच्या हाडाचा टवका उडतो, कुणी नुसताच मागे पडायला लागतो. बक्षिसं, पैजा, मालकाचे फोटो, सगळं या तीन-चार वर्षांतलं. घोडा मात्र नीट सांभाळला तर पंचवीस वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो. पुढची ती वीस वर्षं तो रोज आठ-दहा किलो गवत खाणार, दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद लागणार, आणि हा खर्च कुणाच्याच हिशेबात धरलेला नसतो.

नामवंत घोडेसुद्धा यातून सुटत नाहीत. फर्डिनंड नावाच्या घोड्याने १९८६ ची केंटकी डर्बी, ही अमेरिकेतली सगळ्यांत नावाजलेली शर्यत, जिंकली, पाठीवर ५४ वर्षांचे जॉकी बिल शूमेकर होते. पुढच्या वर्षी ब्रीडर्स कप क्लासिक या मोठ्या शर्यतीत त्याने अलीशेबा या घोड्याला नाकभर अंतराने हरवलं आणि तो १९८७ चा 'हॉर्स ऑफ द इयर' ठरला. पैदाशीत त्याची पोरं फारशी चमकली नाहीत, म्हणून १९९४ मध्ये तो जपानला विकला गेला. तिथेही मागणी आटली. २००३ मध्ये बातमी आली की आदल्या वर्षीच त्याला कत्तलखान्यात पाठवलं होतं. डर्बी जिंकलेल्या घोड्याची ही गत, तर शर्यतीत आठव्या-नवव्या येणाऱ्यांना कोण विचारतो? अमेरिकेतले घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, तरी त्यानंतरही मेक्सिको आणि कॅनडाच्या दिशेने घोडे भरलेले ट्रक जात राहिले.

त्याच २००३ मध्ये मायकेल ब्लोवेन यांनी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात 'ओल्ड फ्रेंड्स' हे निवृत्त घोड्यांचं आश्रयस्थान सुरू केलं. हे गृहस्थ आधी 'बॉस्टन ग्लोब'मध्ये चित्रपट समीक्षक होते. त्यांनी खच्ची न केलेले नर घोडे मुद्दाम घेतले. असे घोडे एकत्र सोडता येत नाहीत, प्रत्येकाला वेगळं कुंपण लागतं, म्हणून बहुतेक आश्रयस्थानं त्यांना नकोच म्हणतात. आम्ही सिनसिनाटीत राहतो. आय-७५ या महामार्गाने दक्षिणेला तास-सव्वा तासावर जॉर्जटाउन आहे, तिथेच हे कुरण. सिल्व्हर चार्म नावाचा घोडा मी तिथे पाहिला. १९९७ ची केंटकी डर्बी आणि तिच्यानंतरची प्रीकनेस ही शर्यत जिंकलेला, १९९८ चा दुबई वर्ल्ड कपही त्याचाच. पैदाशीसाठी जपानला पाठवतानाच, ते काम संपलं की त्याला परत आणायचं अशी तजवीज मालकांनी केली होती आणि २०१४ च्या डिसेंबरात तो खरंच परत आला. ऐन भरातला करडा रंग जाऊन तो पांढराशुभ्र झाला होता. एवढी तजवीज फर्डिनंडसाठी झाली असती तर!

मी ज्याला पैसे देते तो मात्र अगदी साधा कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचा, कुणी त्याचं नाव ऐकलेलं नसेल. त्याच्या दाढा झिजल्यात. एकदा त्याच्या कुंपणापाशी मला गवताचे ओले, चेपलेले गोळे पडलेले दिसले. तो चावतो, चोखतो, गिळता येत नाही म्हणून टाकून देतो. त्याच्या डोळ्यांच्या वर खळगे पडलेत, तळवा ठेवला की हाताचा उंचवटा त्यात बसतो. त्याला आता कोरडं गवत पुरत नाही. पेंड आणि गवताचा चुरा कोमट पाण्यात भिजवून लापशी करून द्यावी लागते, तीही दिवसातून दोन-तीन वेळा. दातांचा डॉक्टर, जंताचं औषध, शिवाय एक रोजची गोळी. कुशिंग्ज म्हणून एक आजार म्हाताऱ्या घोड्यांना होतो, उन्हाळा आला तरी अंगावरचे लांब केस गळत नाहीत. त्यावरची ही गोळी जन्मभराची. म्हणून एकदा घसघशीत देणगी देण्यापेक्षा दर महिन्याला थोडं दिलेलं मला बरं वाटतं. आश्रयस्थानाला पुढच्या महिन्याचं गवत कुठून आणायचं ते कळतं.

माझे आजोबा पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मी, असं त्यांचं वर्ष घोड्यांबरोबर फिरायचं. खरारा करताना ते घोड्याशी सतत बोलत असत. एखादा घोडा दिसेनासा झाला की आम्ही मुलं विचारायचो. कधी म्हणायचे, रायडिंग स्कूलला दिला. कधी म्हणायचे, माथेरानला गेला, आता सायबांना डोंगर दाखवील. काही घोड्यांबद्दल विचारलं की नुसतेच "झोपा आता" म्हणायचे. माझ्या पहिल्या हप्त्याच्या पावतीवर मी देणगीदार म्हणून त्यांचं नाव घातलं.

कुणाला असं काही करायचं असेल तर घाई करू नका. गोंडस फोटो कुणीही टाकतं. अमेरिकेत थरोब्रेड आफ्टरकेअर अलायन्स ही संस्था २०१२ पासून आश्रयस्थानं तपासून मान्यता देते, ती आहे का ते बघा. घोडे पुढे विकतात का, विकत असतील तर कुणाला, हे स्पष्ट विचारा. कुरणात गेलात तर घोड्यांच्या खुरांकडे बघा. फुटलेले, वाढलेले खूर दिसले की पैसे भलतीकडे जातायत असं समजायला हरकत नाही.

आणि जॉर्जटाउनला गेलात तर घरून गूळ किंवा सफरचंदं नेऊ नका. काही म्हाताऱ्यांना साखर बाधते आणि खुरांना सूज येऊन ते लंगडायला लागतात. गाजरं वाटाड्याच्या बादलीत असतात. कुणाला किती द्यायचं ते त्याला ठाऊक असतं, त्यालाच विचारून भरवा. तळहात सपाट ठेवा, बोटं जपा.