लेव्हल टू, लेव्हल थ्री आणि आमची अधांतरी चिमणी

इथे इंग्लंडमध्ये घर घेताना पहिली चूक आम्ही केली ती म्हणजे बँकेचा माणूस घर बघून गेला म्हणजे घर तपासून झालं असं समजलो. तो व्हॅल्युएशनवाला असतो. दिलेलं कर्ज या घरातून वसूल होईल का एवढंच तो बघतो, कधीकधी तर घरात पायही ठेवत नाही. विकणाऱ्याने दोष आपणहून सांगायला पाहिजेत असंही फारसं काही नाही, घेणाऱ्याने बघून घ्यावं. (स्कॉटलंडमध्ये उलटं, तिथे 2008 पासून विकणाराच होम रिपोर्ट करून ठेवतो. शहाणी माणसं.)

मग सर्व्हेयर, म्हणजे घराचे दोष तपासून रिपोर्ट देणारा माणूस, शोधायला घेतला. आरआयसीएस ही त्यांची संस्था, तिने 2021 पासून या तपासणीच्या तीन लेव्हल ठरवून दिल्यात. लेव्हल वन म्हणजे वरवरची तब्येत, नव्यासारख्या साध्या घराला ठीक. लेव्हल टू म्हणजे पूर्वीचा होमबायर रिपोर्ट आणि लेव्हल थ्री म्हणजे पूर्वीचा बिल्डिंग सर्व्हे. बायको म्हणाली "अरे मधलं घे ना, फार स्वस्त नको फार महाग नको", साड्यांच्या दुकानातला हिशोब, आणि मीही मान डोलावली. घर होतं 1890 च्या आसपासचं टेरेस (गच्ची नव्हे, ओळीत शेजारच्यांना चिकटलेलं घर), मागून वाढवलेलं, आतून भिंती पाडलेलं. तेव्हा कुणीतरी माझा कान धरून सांगायला हवं होतं की लेव्हल खिसा बघून नाही, घर बघून घ्यायची असते.

सर्व्हेयरबाई आल्या, मी हट्टाने मागे मागे फिरलो. बाहेरून दुर्बिणीने कौलं बघितली, छोटी शिडी होती पण ती जेमतेम तीन मीटरची. आत भिंतीला दोन टोकदार पिना टेकवल्या की ते ओलीचं मीटर बीप करायचं. कार्पेट उचललं नाही, कपाट हलवलं नाही, बॉयलर आहे एवढं बघितलं पण टेस्ट वगैरे नाही. मला वाटलं काय हा आळस, पण तसं नाहीये, दुसऱ्याचं घर आहे, तोडफोड करायची परवानगीच नसते. लेव्हल थ्रीलासुद्धा फरशी कुणी फोडत नाही.

रिपोर्टमध्ये प्रत्येक गोष्टीला रंग. हिरवा 1, पिवळा 2, लाल 3, आणि चौथं एनआय, म्हणजे बघताच आलं नाही. आम्ही लाल मोजत बसलो. पण खरं बघायचं असतं ते एनआय. मागच्या खोलीतली धुराड्याची भिंत कुणीतरी जागा मिळावी म्हणून काढली होती आणि वर छपरावर चिमणी मात्र जशीच्या तशी, मग तिचं वजन कशावर? माळा खोक्यांनी भरलेला, त्यामुळे आधार दिसला नाही. लिहिलं होतं स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, बिल्डिंग रेग्युलेशनची कागदपत्रं वकिलाकडून मागवा. कागद निघाले नाहीत आणि मालक माळा रिकामा करायला तयार होईना, ते घर आम्ही सोडलं. आईला फोनवर सांगितलं की चिमणी अधांतरी आहे, तर ती म्हणे "अगंबाई, पिल्लं होती का रे?"

दुसऱ्या घराला, तेही तेवढंच जुनं, मुकाट्याने लेव्हल थ्री केला. फरक कुठे कळला सांगू? ओलीत. पहिल्या रिपोर्टात दोन ओळी होत्या, रीडिंग जास्त आहे, तज्ज्ञाला विचारा. आता तज्ज्ञ म्हणजे बहुतेक वेळा भिंतीत केमिकल भरून देणारी कंपनी, ती काय "गरज नाही" म्हणणार आहे? दुसऱ्या रिपोर्टात अख्खं पान होतं. भिंत नऊ इंची, मध्ये पोकळी नाही, अशा भिंतीला श्वास लागतो आणि तिच्यावर कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवलाय. शिवाय मागचा पॅटिओ, म्हणजे फरशांचं अंगण, इतका वर आणलाय की तळाशी असलेला ओल अडवणारा थर बुजला, पाणी त्याला वळसा घालून आत. मीटरच्या आकड्यावर फार जाऊ नका, प्लास्टरमधले क्षारही रीडिंग फुगवतात. उपाय काय तर जमीन त्या थराच्या दीडशे मिलिमीटर खाली न्या, व्हेंटच्या म्हणजे हवा खेळवणाऱ्या भोकांच्या विटा मोकळ्या करा, गिलावा काढून चुन्याचा लावा. नाही केलं तर फ्लोअरबोर्डखालच्या जॉइस्टची, म्हणजे लाकडी तुळयांची, टोकं कुजतील, हेही लिहिलेलं. म्हणजे काय झालंय, का झालंय, कुठून सुरू करू, सगळं. लेव्हल टूमध्ये दोष सापडत नाहीत असं नाही हां, पण तो "ताप आहे" म्हणून थांबतो.

आणि माळा? मालकाला आठवडाभर आधीच सांगून रिकामा करून घेतला, अनुभव होता ना.

ते घर घेतलं. मागच्या रविवारी पॅटिओच्या फरशा उचलल्या तर एक व्हेंटची वीट पूर्ण मातीत गाडलेली निघाली, चमच्याने कोरून काढली. भिंत सुकायला कित्येक महिने लागतील, तोवर आतून प्लास्टर करू नका म्हणालेत, त्यामुळे सोफा सध्या भिंतीपासून हातभर लांब ठेवलाय आणि येणारा प्रत्येक पाहुणा तो मागे सरकवतो.