जुन्नर पाहावे ते घाटाकडून

पुण्याहून सुमारे पंच्याण्णव किलोमीटरवर असलेल्या जुन्नरला बहुतेक मंडळी सकाळी निघून जातात, शिवनेरी चढतात, लेण्याद्रीला गिरिजात्मजाचे दर्शन घेतात आणि दिवेलागणीपर्यंत परततात. या दोन्ही स्थळांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु एवढे पाहून जुन्नर का वसले, कोणाच्या येण्याजाण्याने मोठे झाले आणि या लहानशा शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी का कोरली गेली, हे मुळीच उमगत नाही. माझ्या या वेळच्या मुक्कामात स्थानिक वाटाड्यांना सोबत घेतले, त्याचे कारण हेच होते. त्यांपैकी शहरातले निवृत्त शिक्षक असलेले गुरुजी पहिल्याच भेटीत म्हणाले, "जुन्नर पुण्याच्या बाजूने बघू नका. आधी नाणेघाटात जा, मग गावात या. व्यापारी ज्या वाटेने आले त्याच वाटेने आपणही यायचं." त्यांचा हा सल्ला मी तंतोतंत पाळला आणि जुन्नरला जाणाऱ्या प्रत्येकाला तो सांगावा असे मला मनापासून वाटते.

नाणेघाटासाठी आमच्यासोबत घाटघरचा एक महादेव कोळी तरुण होता. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण, जो जकातीचा रांजण म्हणून ओळखला जातो, बहुतेक पर्यटक पाहतात. त्याने मात्र आम्हांला तिथे फार रेंगाळू न देता कोकणाच्या बाजूने, वैशाखऱ्याकडे उतरणाऱ्या फरसबंद वाटेवर थोडे खाली नेले. कातळ फोडून केलेल्या त्या अरुंद खिंडीतून वर पाहिल्यावर कल्याण आणि सोपारा या बंदरांतून निघालेला माल पाठीवर घेऊन चढणाऱ्या जनावरांचे कष्ट समजतात. वाटेच्या कडेला ठिकठिकाणी पाण्याची टाकी खोदलेली आहेत. कोणत्या टाक्याचे पाणी उन्हाळ्यातही टिकते आणि कोणते होळीपर्यंत आटते, हे त्या तरुणाला अचूक ठाऊक होते, कारण त्याच्या घरची गुरे याच पठारावर चरतात. दोन हजार वर्षांपूर्वीची व्यवस्था अजूनही कोणाच्या तरी रोजच्या वापरात आहे, ही जाणीव कोणत्याही माहितीफलकाने मला करून दिली नसती.

घाटातले लेणे ही तर साऱ्या महाराष्ट्राने जपावी अशी ठेव आहे. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील दीर्घ लेख आतल्या भिंतींवर कोरलेला असून त्यात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे व कार्षापण नावाची नाणी यांची नोंद आहे. या दानांच्या संख्या अंकांत कोरल्या असल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासातही हा लेख महत्त्वाचा मानला जातो. कर्नल साइक्स यांनी १८२८ च्या सुमारास त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचा सखोल अभ्यास केला. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी अशी नावे कोरलेली आहेत. त्यांखालच्या मूर्तींपैकी आता केवळ पावलांचे अवशेष उरले आहेत. पावसाळ्यात उलटा धबधबा पाहण्यासाठी येथे जी झुंबड उडते, त्या गर्दीतली कित्येक माणसे याच लेण्यात बसून खातात आणि कचरा तिथेच टाकून जातात, हे आमचा वाटाड्या अत्यंत व्यथित होऊन सांगत होता. त्याची व्यथा मलाही लागली. दिवाळीनंतर जावे, आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे आणि लेखासमोर शांतपणे उभे राहण्याइतका वेळ हाताशी ठेवावा.

परतताना त्याने हिरड्याची झाडे दाखवली. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागातील आदिवासी कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचा हिरडा हा मोठा आधार आहे. झाडावर चढून कोवळी फळे उतरवायची, ती काळी पडेपर्यंत वाळवायची आणि बाळहिरडा म्हणून विकायची, असे हे काम असते. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळात या झाडांची अतोनात हानी झाली. भातखाचर पुन्हा उभे करता येते, पण मोडलेल्या हिरड्याच्या जागी नवे झाड फळाला येईपर्यंत निम्मे आयुष्य निघून जाते, असे तो म्हणाला. पर्यटकांना वाट दाखवण्याच्या कामाकडे तो आणि त्याचे मित्र त्यानंतर अधिक गांभीर्याने पाहू लागले. राज्य शासनाने २०१८ मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिलेला आहे. त्या दर्जाचा लाभ घाटघरसारख्या गावांतील घरांपर्यंत पोहोचायचा असेल, तर त्याचा सर्वांत सरळ मार्ग या तरुणांना योग्य मानधन देऊन सोबत घेणे हाच आहे.

घाटातून शहराकडे येताना जीवधन आणि चावंड हे किल्ले लागतात. पूर येथे कुकडी नदीच्या उगमाजवळचे कुकडेश्वराचे कोरीव मंदिर अवश्य पाहावे. हाच क्रम धरून पुढे आल्यावर मग शिवनेरीही निराळा दिसू लागतो. १९ फेब्रुवारी १६३० रोजी छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म जिथे झाला तो हा गड, घाटातून उतरणाऱ्या मालावर आणि त्याखालच्या बाजारपेठेवर नजर ठेवणाऱ्या दुर्गसाखळीतला शेवटचा, शहराला अगदी खेटून असलेला पहारेकरी आहे. गडाच्याच कड्यांत बौद्ध लेणी आहेत, वर गंगा-जमुना ही जिवंत पाण्याची टाकी आहेत आणि निजामशाहीच्या खुणाही आहेत. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० मध्ये बहमनी सत्ता झुगारली ती जुन्नरमध्येच. अहमदनगर त्याने त्यानंतर वसवले.

गुरुजींसोबत पाहिलेल्या लेण्यांपैकी तुळजा लेणीविषयी मला सर्वाधिक लिहावेसे वाटते. शहराच्या पश्चिमेस, पाडळीजवळच्या डोंगरात असलेले येथील चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेचे दालन, वर्तुळाकार आहे. मध्यभागी स्तूप, त्याभोवती बारा अष्टकोनी खांबांचे रिंगण आणि वर घुमटाकार छत, अशी ही रचना भारतातील लेण्यांत अतिशय दुर्मीळ आहे. लाकडी बांधकामाची सवय असलेल्या कारागिरांनी गोल मंडपाची कल्पना दगडात कशी उतरवली असेल, हे गुरुजी त्या खांबांमधून आम्हांला फिरवीत समजावून सांगत होते. येथे जाण्यापूर्वी त्यांनी अत्तर लावू नका, कड्याखाली मोठ्याने बोलू नका असे बजावले होते. वर कपारीत आग्या मोहोळे लटकलेली दिसली, तेव्हा त्यामागचे कारण सांगण्याची गरज उरली नाही. लेण्याद्रीच्या पावणेतीनशेहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावरही त्यांनी गिरिजात्मजाच्या दर्शनानंतर आम्हांला शेजारच्या सहाव्या लेण्यात नेले. तेथील चैत्यगृह हे कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याचे दान असल्याचे लेख सांगतो. नाणेघाटापासून सुरू केलेल्या आमच्या वाटेचा दुवा त्या एका ओळीत सापडला, कारण कल्याणचा हा माणूस जुन्नरला ज्या मार्गाने आला असेल तो मार्ग आम्ही नुकताच पाहिला होता.

संध्याकाळी उशिरापर्यंत डोंगरात थांबू देण्यास दोन्ही वाटाड्यांनी ठाम नकार दिला. तालुक्यातील उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रही आहे, आणि स्थानिक माणूस याबाबत कधीही धाडस दाखवीत नाही. त्यांचे ऐकून वेळेवर शहरात परतावे आणि मासवडी-रस्सा व बाजरीची भाकरी असे जेवण घ्यावे.

मानमोडीच्या डोंगरातील लेणी मात्र या वेळी पाहायची राहिली. पश्चिम क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याने टाके आणि मंडप दान दिल्याचा लेख तिथे आहे. तिथली चढण निसरडी असल्याने पाऊस पूर्ण थांबून वाट कोरडी झाल्यावरच यावे, असे गुरुजींनी सांगितले असून डिसेंबरात त्यांच्यासोबत तिथे जाण्याचे ठरले आहे.