व्हॉल्व्ह ॲम्पचा गढूळ आवाज: दुरुस्तीचा माझा अनुभव

सिग्नल वाढवणारा एक ईसीसी८३ व्हॉल्व्ह, स्पीकरला जोर देणारा एक ईएल८४, पॉवर जेमतेम पाच वॉट. घरी जोडायला गिटारचा याहून सोपा व्हॉल्व्ह ॲम्प नाही. बेळगाव-खानापूरकडे माळ्यावर पडलेल्या जुन्या रेडिओंत ईएल८४ अजून सापडतो. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा निघाला तर उत्तमच. बाकीचं सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा बेंगळुरूच्या एसपी रोडवरून येतं. ॲम्प जोडला, आवाज आला. पण गिटार वाजवणारा मित्र म्हणाला, "गोधडीत गुंडाळल्यागत वाजतोय की गा." जाड तारा फाटत होत्या, बारीक तारांना धार नव्हती आणि सूर विरताना मागे चरचर ऐकू यायची.

अशा वेळी लोक लगेच महागडे कंडेन्सर बदलायला सांगतात. माझं मत उलट आहे. बहुतेक बिघाड शंभर-दोनशे रुपयांच्या मल्टिमीटरवर दिसतो, आणि तो दिसेपर्यंत एकही पार्ट बदलू नये.

मीटर लावण्याआधी ॲम्पच्या बाहेरचं तपासून घेतलं. गिटारच्या केबलची कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) दर मीटर लांबीमागे साधारण १०० पीएफ (पिकोफॅरड) भरते, म्हणजे सहा मीटरची केबल एकटीच वरचे सूर खाते. तीन मीटरची लावली. स्पीकरही गिटारचाच हवा. तो पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं देत नाही, म्हणूनच ओव्हरड्राइव्ह (मुद्दाम फाटवलेला आवाज) कानाला गोड लागतो. घरच्या म्युझिक सिस्टिमचा ट्विटरवाला डबा लावून टोनला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प कधीच चालवू नये, व्हॉल्व्ह आणि स्पीकरमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आत ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असते आणि प्लग काढल्यावरही ती फिल्टर कंडेन्सरमध्ये राहते. ती उतरावी म्हणून पहिल्या फिल्टरवर २२० के (किलोओहम), २ वॉटचा रेझिस्टर कायमचा टाकला आहे. तरी हात घालण्याआधी मीटरने शून्य बघायचंच. चालू ॲम्पवर मोजताना मीटरची काळी वायर क्लिपने चेसिसला (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला) आणि दुसरा हात खिशात.

रीडिंग अशी आली. ईसीसी८३च्या पिन १ वर, म्हणजे प्लेटवर (इलेक्ट्रॉन घेणारं टोक) १६५ व्होल्ट, पिन ३ वर, म्हणजे कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) १.४ व्होल्ट. प्लेटला १०० के आणि कॅथोडला १.५ के असताना हे बरोबर आहे. गडबड ईएल८४कडे होती. पिन २ म्हणजे कंट्रोल ग्रिड, सिग्नल शिरतो ती जागा. तिथे शून्य हवं. मीटर +०.६ व्होल्ट दाखवत होता. याची कारणं दोन: मागचा कपलिंग कंडेन्सर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) डीसी गळतोय किंवा व्हॉल्व्हच गॅसी झालाय, म्हणजे त्याच्या आत गॅस झालाय. व्हॉल्व्ह काढून पुन्हा मोजलं की निकाल लागतो. रीडिंग तशीच राहिली, म्हणजे कंडेन्सर. रेडिओतून काढलेला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कागदी होता. ग्रिडच्या ४७० के रेझिस्टरवर ०.६ व्होल्ट पडायला सव्वा मायक्रोॲम्पिअरच्या आसपास गळती पुरते, त्यामुळे मीटरच्या ओहम रेंजवर असा कंडेन्सर निर्दोष दिसतो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, पण ६३० व्होल्टचा पॉलिस्टर लावला, ग्रिड शून्यावर आली. जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह आणि ते बसवायचे सॉकेट खुशाल वापरा. कागदी कंडेन्सर मात्र सरळ कचऱ्यात.

मग बायस, म्हणजे सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून किती करंट वाहतो ते. डेटाशीटमध्ये ईएल८४ला १३५ ओहमचा कॅथोड रेझिस्टर दिलेला असतो, पण तो २५० व्होल्टच्या प्लेटसाठी. इथे प्लेटवर २८० होते. कॅथोडवर ८.३ व्होल्ट, भागिले १३५, म्हणजे ६१ मिलिॲम्पिअर. त्यातून स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधली दुसरी ग्रिड) सहाएक वजा केले तर प्लेटचे ५५ उरतात. गुणिले २७२ व्होल्ट, झाले १५ वॉट. या व्हॉल्व्हची मर्यादा १२ वॉट आहे. १३५ च्या जागी २२० ओहम, ५ वॉटचा लावला. कॅथोड ९.७ व्होल्टवर गेला, एकूण करंट ४४ आणि प्लेटवर पावणेअकरा वॉट. सुरांत मोकळेपणा आला. जाड तारा मात्र फाटतच राहिल्या.

हा खेळ आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा निघाला. ईएल८४ला ५.२ के प्रायमरी (व्हॉल्व्हकडची बाजू) लागते. स्पीकर ८ ओहमचा असेल तर वेढ्यांचं प्रमाण २५.५ ला १. ट्रान्सफॉर्मर सर्किटमधून सोडवून सेकंडरीला (स्पीकरकडच्या बाजूला) फिलामेंटचे, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचे ६.३ व्होल्ट एसी दिले की प्रायमरीवर १६० च्या आसपास आले पाहिजेत (त्या टोकांना बोट लावायचं नाही). ते आले. वेढे बरोबर होते, गडबड कोअरच्या लोखंडी पट्ट्यांत होती. मोटार आणि स्टॅबिलायझर भरणारे वाइंडर E आणि I आकाराच्या पट्ट्या आलटून पालटून, एक इकडून एक तिकडून बसवतात. मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरला तेच योग्य. पण सिंगल-एंडेड (आउटपुटला एकच व्हॉल्व्ह असलेल्या) ॲम्पमध्ये प्रायमरीतून चाळीस मिलिॲम्पिअर डीसी सतत वाहतो. अशा बंद कोअरमध्ये लोखंड चुंबकत्वाने आधीच अर्धंअधिक भरलेलं असतं आणि सहाव्या तारेचा ८२ हर्ट्झचा सूर आला की त्याची क्षमता संपतेच. वरचे सूर स्वच्छ, कॅथोडचं व्होल्टेज बरोबर आणि तरी खालचे सूर हळू आवाजातही फाटतात, ही त्याची खूण. पट्ट्या उचकटून सगळ्या ई एका बाजूने, सगळ्या आय दुसऱ्या बाजूने बसवल्या, मध्ये जाड कागदाचा एक पदर ठेवला आणि क्लॅम्प घट्ट आवळला. नवा भरून घेणार असाल तर वाइंडरला आधीच सांगा: "सिंगल-एंडेड आहे, गॅप ठेवा." कागदावर लिहून दिलेलं आणखी बरं.

उरलेला जाडेपणा पहिल्या स्टेजमध्ये कमी केला. कॅथोडवर २५ मायक्रोफॅरडचा बायपास कंडेन्सर होता, तो सगळ्याच सुरांना पूर्ण गेन (वाढ) देतो. १ मायक्रोफॅरड लावला की शंभर-दोनशे हर्ट्झच्या खाली गेन सुमारे ६ डेसिबलने उतरतो. व्हॉल्यूमच्या आधीचा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर बदलून ०.००४७ चा केला, १ मेगओहमच्या पॉटबरोबर (व्हॉल्यूमचा फिरवायचा रेझिस्टर) त्याची कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या खालचे सूर उतरतात ती सीमा, ३४ हर्ट्झ येते. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

धार जाण्याचं कारण व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये होतं. पॉट विजेच्या हिशेबाने मध्यावर असताना १ मेगचा सोर्स रेझिस्टन्स २५० के होतो. पुढच्या ट्रायोडची (ईसीसी८३च्या दुसऱ्या अर्ध्या भागाची) मिलर कपॅसिटन्स, म्हणजे गेनमुळे वाढून दिसणारी ग्रिडची कपॅसिटन्स, शंभर पीएफ आणि लांब शिल्डेड वायरची पन्नास धरली, तर चार हजार हर्ट्झच्या वरचं सगळं उतरायला लागतं. वायर आखडली, पॉटच्या वरच्या टोकापासून मधल्या टोकाला १२० पीएफ जोडला. व्हॉल्यूम पूर्ण उघडला की या कंडेन्सरचा परिणाम उरत नाही, म्हणून कर्कश होईल ही भीती नको.

चरचर म्हणजे ऑसिलेशन, ॲम्प आपणहून ओरडत राहणं. स्कोप (सिग्नलचा आकार दाखवणारं यंत्र) नसला तरी पकडता येतं: गिटार न जोडता व्हॉल्यूम फिरवा आणि ईएल८४च्या कॅथोडवर मीटर ठेवा. रीडिंग हलली तर ॲम्प कानाला ऐकू न येणाऱ्या पट्टीत ओरडतोय. बांबूच्या कोरड्या काडीने एकेक वायर ढकलून पाहिली. प्लेटची वायर पहिल्या ग्रिडजवळून जात होती. ती चेसिसच्या कडेने वळवली. ईएल८४च्या पिन २ ला १.५ के आणि इनपुटच्या ग्रिडला ६८ के रेझिस्टर लावले, दोन्हींचे सोल्डरचे डाग थेट पिनवर दिले. रेझिस्टर पिनपासून दोन इंच दूर बसवला तर त्याचा उपयोग जवळजवळ जातो.

हम, म्हणजे मागची सततची घुमणारी गुणगुण, ओळखायला गिटारच वापरायची. सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा (फ्रेट) सूर ९८ हर्ट्झ असतो. हम त्याच्याशी जुळला तर तो १०० हर्ट्झचा, म्हणजे फिल्टर किंवा ग्राउंड. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे फिलामेंट. माझा खालचा होता. फिलामेंटच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला १००-१०० ओहम दिले आणि वायरींना पीळ घातला.

खानापूर, जांबोटीकडे पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. टॅगबोर्डवर (पार्ट जोडायची पट्टी) राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स ओल धरतो, डीसी ग्रिडपर्यंत झिरपते आणि पॉट फिरवताना खरखर येते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरतो. मात्र बोर्ड पूर्ण वाळल्याशिवाय प्लग लावू नये. गावात शेतीचे पंप सुरू झाले की व्होल्टेज २०५ पर्यंत उतरतं, फिलामेंटला ५.६ मिळतात आणि आवाज मरगळतो. रात्री ते २५० ला गेलं की फिलामेंट ६.८ वर. या व्हॉल्व्हना ६.३ च्या वरखाली दहा टक्के चालतात, रात्रीचे ६.८ त्यात बसतात. पण तेव्हा प्लेटचं व्होल्टेजही चढतं, म्हणून बायस रात्रीच्या व्होल्टेजला तपासला.