निळा ठिपका मुक्कामातच राहिला

मोबाईलचे नेटवर्क गेले म्हणजे जीपीएसही गेले, अशी समजूत असलेले सहप्रवासी मला दर प्रवासात भेटतात आणि मी त्यांच्याशी वाद घालणे आता सोडून दिले आहे. या वेळी मात्र गाठ पडली ती उलट टोकाच्या माणसाशी. नकाशा टॅबलेटवर उतरवून घेतला की नेटवर्कची गरजच उरत नाही, असे तो डांबरी रस्ता संपेपर्यंत सगळ्यांना ऐकवत होता.

सुरुवातीच्या प्रवासात धूळ आणि हादऱ्यांपलीकडे सांगण्यासारखे काही घडले नाही. पुढे एका कोरड्या नदीपात्रात गाडीवाटेला तीन फाटे फुटले आणि आमच्या दोन्ही गाड्या थांबल्या. त्याच्या टॅबलेटवर नकाशा अगदी स्वच्छ दिसत होता, पण आपली जागा दाखवणारा निळा ठिपका सकाळी सोडलेल्या मुक्कामाच्या आवारातच बसून होता. तो टॅबलेट केवळ वायफायवर चालणारा होता. आयपॅडसह अशा अनेक टॅबलेटमध्ये जीपीएसची चिप नसते. आसपासच्या वायफायवरून ते जागेचा अंदाज बांधतात आणि माळरानात वायफाय कुठून येणार? सिमकार्डाची सोय असलेल्या आयपॅडमध्ये ती चिप असते आणि सिम न घालताही चालते. ही गोष्ट विकणाऱ्याने एका वाक्यात सांगायला हवी होती, पण त्याने ती सांगितली नव्हती.

आमच्या टॅबलेटमध्ये चिप होती, परंतु काचेमागच्या उन्हात त्याचा पडदा आधी मंद झाला आणि मग तापमानाची सूचना दाखवून काळा पडला. आयपॅडसाठी उत्पादकाने सांगितलेली वापराची मर्यादा ३५ अंश सेल्सियस आहे. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ती केव्हाच ओलांडली जाते.

शेवटी खिशातले, बटणांचे, तळहाताएवढे जीपीएस यंत्र बाहेर निघाले. त्याला जागा सापडेपर्यंतचा वेळ सगळ्यांना फार लांब वाटला. फोनला उपग्रहांची माहिती नेटवर्कवरून आयती मिळते. नेटवर्क नसताना ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि उपग्रह ती सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे पाठवतो. एका उपग्रहाच्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो, तर सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. जागा ठरवण्यासाठी किमान चार उपग्रह हवेत. उंच दरडीखाली अर्धे आकाश झाकलेले असते आणि खडकावरून परावर्तित झालेले संकेत हिशेब आणखी बिघडवतात. म्हणून आम्ही पात्राच्या मध्यभागी जाऊन उभे राहिलो.

यंत्राने जागा दाखवली, ती नेमकी कोणत्याच फाट्यावर नव्हती. यावरून जो वाद पेटला तो मला अजून आठवतो, कारण दोष कोणी यंत्राला देत होते, कोणी मला. वास्तविक अक्षांश-रेखांश बरोबर होते. नकाशावरची रेघच जुनी होती. पुरानंतर पात्र सरकते आणि वाटही सरकते, पण कोणीतरी पुन्हा जाऊन नोंद केल्याशिवाय नकाशा बदलत नाही. मग आम्ही रेघेचा नाद सोडला, समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पाहिल्या आणि ज्या बाजूला त्या विरळ होत होत्या, म्हणजे चढ कमी होता, तिकडचा फाटा आधी पायी जाऊन पाहिला. तोच बरोबर निघाला.

संध्याकाळी थंड झालेला टॅबलेट सुरू केला, तेव्हा नकाशाच्या ॲपने वर्गणीची खात्री करण्यासाठी इंटरनेट जोडण्यास सांगितले. ऑफलाइन वापरासाठीच पैसे घेतलेल्या ॲपने निर्जन पठारावर अशी मागणी करावी, याचा राग अजून गेलेला नाही. आता निघण्यापूर्वी मी टॅबलेट विमान मोडवर टाकून तसाच दिवसभर वापरतो; ठिपका माझ्याबरोबर हलला आणि ॲपने पासवर्ड मागितला नाही, तरच तो टॅबलेट सामानात जातो.